छताला चार बोटं

गाडीत बसणारा माणूस वर पाहत नाही. समोर पाहतो, बाजूला पाहतो, आरशात स्वतःचं तोंड पाहतो. डोक्यावर कापड आहे हे त्याला ते लोंबायला लागलं की कळतं, आणि मग मात्र दुसरं काही दिसत नाही. असे लोक ताण्याकडे येत.

ताण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जुन्या गाड्यांची आतली छतं बसवताना तो स्वतःशीच बोलायचा, "ताण, ताण, अजून ताण," आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. आधी समोरच्या पंक्चरवाल्याने त्या नावाने हाक मारली, मग सगळ्यांनीच. केस पिकल्यावर लोकांनी मागे काका जोडला. नवीन गिऱ्हाईक बिचकत विचारायचं, "ताणकाका? तुम्हाला कसला ताण?" तो म्हणायचा, "तुमच्या छताचा." हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता की आता तो करताना हसायचं राहून जाई.

दुकान म्हणजे एक गाडी आत येईल एवढी खोली. गाडी आत आली की माणसाने भिंतीला पाठ घासत फिरायचं. कापड चिकटवायच्या सोल्यूशनचा वास भिंतींनी कायमचा पिऊन टाकलेला. कोपऱ्यातून लोखंडी जिना वर घरात जायचा. वर त्याची बायको शिवणयंत्रावर बसायची. ती कापणार आणि शिवणार, तो खाली बसवणार, अशी कामाची वाटणी मुलगी रांगत होती तेव्हा झाली. मुलगी सासरी गेली तरी वाटणी तीच राहिली. कापड घडी घालून जिन्यावरून खाली यायचं. बायको खाली यायची ती चहा घेऊन, आणि गाडीच्या बोनेटवर कप ठेवून लगेच परत जायची.

नव्या गाड्यांचं छत म्हणजे एक अखंड पाटी. कापड चिकटवा, पाटी वर ढकला, क्लिपा दाबा, झालं. ताण्याला त्यात मजा वाटत नसे. जुन्या गाड्यांत पत्र्याखाली पोलादाच्या आडव्या कमानी असतात. कापडाच्या पाठीला नाडीसाठी शिवतात तसे नेफे शिवलेले असतात. नेफ्यांतून कमानी ओवायच्या, त्या दोन्ही टोकांना भोकांत अडकवायच्या, आणि मग कापड चारी बाजूंनी ओढून कडेच्या पट्टीला चिकटवायचं. कमी ओढलं तर झोळ, जास्त ओढलं तर शिवण उसवणार. ताण्याची छतं गावभर प्रसिद्ध होती. त्यांवर सुरकुती शोधून सापडत नसे. उन्हाळे गेले, हिवाळे गेले, गाड्यांची इंजिनं बदलली, पण ताण्याचं छत जिथल्या तिथे.

बाकीचे कारागीर शेवटी कात्रीने उरलेली कड कापतात. ताण्याच्या दुकानात कापायला कड उरतच नसे. कापड पट्टीपर्यंत जेमतेम पोचायचं, आणि तो ते नखांच्या टोकांत धरून, पाय सीटच्या चौकटीला रोवून, दात आवळून ओढायचा. "माझ्याकडे वाया काही जात नाही," असं तो अभिमानाने सांगे.

थंडीत त्याचा उजवा खांदा धरला. आधी वाटलं कुशीवर झोपल्याने. मग सदरा घालताना हात बाहीत जाईना. डॉक्टरने सांगितलं, भिंतीसमोर उभं राहा आणि बोटांनी भिंत चढा, मुंगी चढते तशी, रोज थोडी वर. ताण्याची मुंगी दिव्याच्या बटणापर्यंत जायची आणि तिथेच अडून बसायची. बायको विचारायची, "आज कुठवर?" तो म्हणायचा, "बटणावर. दिवा लावू का?"

नव्या गाड्यांची कामं तो डाव्या हाताने ढकलत होता. कमानींचं जुनं छत थंडीपासून एकही आलं नव्हतं, आणि येऊ नये असं त्याला मनातून वाटत होतं. शेजारी तयार सीटकव्हरांचं दुकान होतं. हा कव्हरवाला सगळ्या गाड्यांना एकाच मापाची कव्हरं घालायचा आणि ती बसली नाहीत तर गाडीत खोट काढायचा. माणूस वाईट नव्हता. त्याचा माल फुटपाथपर्यंत आला होता आणि त्याला जागा हवी होती.

"ताणोबा, किती दिवस खांद्याशी भांडणार?" तो एका सकाळी दारात टेकून म्हणाला. "ही खोली मला दे. तू माझ्याकडे गल्ल्यावर बस. पंखा आहे, खुर्ची आहे, गिऱ्हाईक बडबडं आहे. वहिनींचं मशीनही थंड होईल."

"तुझी कव्हरं विकायला मी बसू? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, ताणकाकांचा ताण गेला."

नाही म्हणण्याइतका खांदा ताण्याजवळ नव्हता.

त्याच आठवड्यात गाडी शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांची गाडी वयाने त्यांच्याहून थोडीच लहान होती. अर्ध्या गावाने तिच्यावर गिअर घासले होते. छताचं कापड मधोमध फाटून खाली आलं होतं, आणि बाईंनी ते केसांच्या चिमट्यांनी टाचलं होतं.

"माझे विद्यार्थी एका हाताने स्टिअरिंग धरतात आणि दुसऱ्या हाताने छत," बाई म्हणाल्या. "परवा परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, बाई, पुढच्या वेळी हे बांधून आणा. येत्या सोमवारी पोरांची परीक्षा आहे. त्याआधी मिळेल?"

ताण्याने गाडीत वाकून पाहिलं. कमानींचंच छत होतं. त्याने उजवा हात उचलून कापडाला लावायचा प्रयत्न केला. हात आरशाच्या उंचीला थांबला. बाई पाहत होत्या म्हणून त्याने तोच हात आरशावर ठेवला आणि आरसा पुसल्यासारखं केलं.

"मिळेल," तो म्हणाला.

गाडी आत घेतल्यावर कव्हरवाला आलाच. "हे तू बसवणार?"

"बसवतो. नाही बसलं तर खोली तुझी."

हे जिन्यावर बायकोने ऐकलं. तिने वरूनच विचारलं, "खोली कोणाची?" दोघांपैकी कोणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा तिला ते मिळालं.

काढायचं काम त्याने डाव्या हाताने केलं. आरसा, उन्हाच्या झडपा, धरायची हँडलं, मधला दिवा. दारांभोवतीच्या रबरी पट्ट्या त्याने ओढून काढल्या आणि त्यांचं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. काचांमधल्या खांबांवरचे तुकडे, दारांच्या आतले पुठ्ठे. स्क्रू जिथले तिथले राहावेत म्हणून तो प्रत्येक वस्तूचे स्क्रू त्याच वस्तूला चिकटपट्टीने चिकटवून ठेवायचा. कमानींची लांबी वेगवेगळी असते आणि एक जरी इकडची तिकडे गेली तरी छताला कुबड येतं, म्हणून त्याने त्या काढल्या त्याच क्रमाने भिंतीला लावून ठेवल्या. जुनं कापड सोलून काढलं तेव्हा आतला पत्रा दिसला, गंजाचे डाग पडलेला. माणसं ज्याच्याखाली एवढी वर्षं बसतात ते नुसतं पत्र्याचं झाकण असतं. ताण्याने ते घासलं, रंगाचा हात दिला, आणि जुनं कापड बायकोकडे वर पाठवलं.

तिने नेहमीप्रमाणे ते जमिनीवर पालथं पसरलं. त्याखाली नवं अंथरलं. जुन्याच्या कडेने खडूची रेघ ओढली आणि रेघेबाहेर चार बोटं ठेवून कापलं. हे माप तिला त्याने पहिल्याच कामाच्या वेळी सांगितलं होतं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या वस्तादांनी त्याला सांगितलं, त्याने तिला. कडेला चार बोटं. सांगण्यासारखं आणखी काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी कापड खाली आलं. त्याने कमानी ओवल्या. एक टोक डाव्या हाताने वर लावलं, दुसऱ्या टोकासाठी उजवा हात हवा होता. त्याने डोक्याने कमान तोलून धरली आणि डावा हात पलीकडे नेला. एक बसली. दुसरी बसली. तिसरी बसता बसता पहिली निसटली, आणि नेफ्यांसकट सगळं कापड त्याच्या अंगावर आलं. तो तसाच मागच्या सीटच्या चौकटीवर बसून राहिला. आत उजेड पिवळट झाला होता. नव्या कापडाला खळीचा वास येत होता. त्याने कापड बाजूला केलं नाही. बाजूला केलं तर पुढे काय करायचं ते ठरवावं लागलं असतं.

वर बायकोचं मशीन थांबलं. खालून "ताण, ताण" ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती जिना उतरून आली आणि तिने गाडीच्या दारातून कापडाचा उंचवटा पाहिला.

"आत तुम्हीच आहात ना?"

"नाही. छत बसवायला भूत बोलावलंय."

"भुताचा खांदा बरा असता." तिने कापडाची कड उचलली. त्याचा चेहरा पाहिला आणि पुढचा विनोद गिळला. "सरका."

"तुला येणार नाही."

"मला येणार नाही, तुम्हाला जमणार नाही. मग दोघांतून काय ते होईल. सरका म्हणते ना."

ती अंगाने लहान होती. त्या अरुंद जागेत तिला मान वाकवावी लागत नव्हती हे ताण्याच्या लगेच लक्षात आलं, आणि ते त्याला फारसं आवडलं नाही. तो बाहेर स्टुलावर बसला, उघड्या दारापाशी. तिने कमानी लावल्या. टोकं भोकांत शिरताना टक् असा आवाज येतो. तो आवाज तो मोजत होता, आणि एकही चुकला नाही. मागच्या काचेकडची कड तिने सोल्यूशन लावून दाबली, वर कपड्यांचे चिमटे लावले. आता पुढे, समोरच्या काचेच्या पट्टीकडे ओढायचं होतं.

"ताण," तो म्हणाला.

"ताणलं."

"अजून."

"अहो, कापड आहे. रबर नाही. पुरत नाहीये."

"पुरतं. नखांत धर आणि पाय रोव."

"नखांत?" ती थांबली. "नखांत कशाला? चांगली चार बोटं सोडलीयत धरायला."

"कुठली चार बोटं? धरायला कधी काही असतं का तिथे? छत असंच बसवतात."

ती गुडघ्यांवर वळली. कापडाची कड तिने उलटी करून त्याच्यापुढे धरली. पाठीवर खडूची रेघ होती. तिने रेघेवर हात आडवा ठेवला. चार बोटं बरोबर कापडाच्या टोकाला संपली.

"ही बघा. एक, दोन, तीन, चार."

ताण्याने डावा हात पुढे केला आणि तिच्या हाताशेजारी ठेवला. त्याची तीन बोटं कापडावर मावली. चौथं हवेत होतं.

तीन बोटं पट्टीवर वळण्यातच जात; धरून ओढायचं असतं ते चौथं. ताण्याने हात काढून पुन्हा ठेवला, जणू पहिल्यांदा नीट ठेवला नव्हता. चौथं बोट पुन्हा हवेतच राहिलं.

"पाची बोटं सारखी नसतात म्हणतात," ती शेवटी म्हणाली. "चारसुद्धा नसतात."

"हं."

"म्हणजे एवढी वर्षं?"

"हं."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत? कापड कमी पडतंय म्हणून?"

"कमी पडतंय हे कुठे माहीत होतं? मला वाटलं छत बसवणं म्हणजे हेच."

"वस्तादांचं कसं होतं मग?"

"वस्ताद स्वतःच कापायचे. त्यांच्याकडे शेवटी कात्रणं निघायची. मला वाटायचं, म्हातारा कापड वाया घालवतो."

तिला हसू आलं आणि अर्ध्यातच गेलं. ती त्याच्या खांद्याकडे पाहत होती. "मी वर शिवत होते," ती म्हणाली, "आणि खाली हा उसवत होता."

"खांद्याला वयही असतं."

"दुसऱ्या खांद्यालाही तेवढंच वय आहे."

तिच्या बोलण्यापेक्षा त्याला वेगळंच काही लागलं होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. लोक त्याच्या छतांना हात लावून वाहवा करत होते, कारण ती इतरांपेक्षा ताठ असत. ती ताठ असत, कारण कापड तोकडं असे. गावाने ज्याला कसब म्हटलं, ज्याच्यावरून त्याला नाव पडलं, ते एका बोटाएवढं अंतर होतं. त्याचा हात आणि बायकोचा हात यांच्यामधलं.

"उतरवू या," ती म्हणाली. "कडेने पट्टी जोडते. रबराखाली जाईल, दिसणार नाही."

"छताला जोड? नाही."

"का?"

"वस्ताद म्हणायचे, जोड दिलेलं छत म्हणजे ठिगळ."

"मग ताणा तुम्ही."

हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. तरी म्हटल्यावर तिने हातातली कड सोडून दिली.

याच वेळी कव्हरवाला चहाचा ग्लास हातात घेऊन आत आला. वहिनींना गाडीत आणि ताण्याला बाहेर पाहून त्याने ग्लास बोनेटवर ठेवला. "हे काय, मालकांची बदली झाली?" मग सगळं ऐकून घेतलं आणि बाह्या वर केल्या. "एवढंच ना? ओढायचंच आहे ना? मी आहे की. वहिनी, सरका."

"तुम्हाला नाही जमायचं भावजी. ते हलक्या हाताने—"

"घरी फ्रिज मी एकट्याने चढवलाय."

ताण्याने त्याला अडवायला हवं होतं. त्याने अडवलं नाही. कोणाच्या तरी खांद्याने का होईना, छत जोडाशिवाय बसलं तर बसेल असं त्याला एक क्षण वाटलं. कव्हरवाल्याने पुढची कड मुठीत धरली आणि फ्रिज चढवतात तशी ओढली. मधल्या नेफ्याची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चर्र करत गेली. कमान मोकळी होऊन त्याच्या डोक्यावर बसली.

"मी फक्त धरलं होतं," कव्हरवाला म्हणाला.

"हो ना," बायको म्हणाली. "फाटलं ते आपोआप."

कव्हरवाला डोकं चोळत निघून गेला. बोनेटवरचा चहा तसाच राहिला. आता उतरवण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. ताण्या म्हणाला, "आण खाली सगळं," आणि स्टुलावरून उठला.

बायकोने कापड खांद्यावर टाकलं आणि ती जिना चढली. दुपारच्या कामाच्या वेळेत ताण्या वर जात नसे. आज तो गेला. मशीनपाशी खिडकीतून ऊन येत होतं आणि तिच्या पायांशी दोऱ्याचे तुकडे पडले होते. तिने जाड कॅनव्हासच्या पट्ट्या कापल्या. नेफा परत शिवला. पट्टी जोडताना कापडाचं ओझं मशीनवरून खाली लोंबत होतं आणि सुई वाकडी ओढली जात होती. ताण्याने डाव्या हाताने ते ओझं उचलून धरलं.

"हे रोज कोण धरतं?" त्याने विचारलं.

"रोज? खुर्ची." तिने पायाने एक खुर्ची दाखवली. त्या खुर्चीची पाठ कापड घासून घासून गुळगुळीत झाली होती. ती खुर्ची घरात कायम तिथेच का असते हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

पट्टी जोडून झाल्यावर, जास्तीची कापण्याआधी, मशीन थांबवून तिने विचारलं, "पट्टी किती रुंद ठेवू? तुमच्या हाताने सांगा."

त्याने हात ठेवला. तिने खडूने दोन्ही बाजूंना खूण केली.

शनिवारी सकाळी ती पुन्हा गाडीत गेली. आता कड मुठीत येत होती. पण एक नवीनच अडचण आली. काम सांगायला ताण्याकडे शब्द नव्हते. इतकी वर्षं एकाच शब्दाने काम भागलं होतं, आणि तोही तो स्वतःलाच सांगत होता.

"ताण."

"किती ताण?"

"म्हणजे... ताण. पुरेसं."

"पुरेसं म्हणजे किती? तुमच्या 'ताण'नेच घोळ केलाय सगळा."

तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "पाहुणे यायचे असले की पलंगावर चादर घालतेस, तेव्हा कडेला ओढतेस तेवढं."

"असं सांगा ना मग." तिने ओढलं, दाबलं, चिमटा लावला. पुढची बाजू मधून सुरू करून दोन्ही कोपऱ्यांकडे गेली. बाजूच्या कडा दोन दारांच्या मधल्या खांबापासून. कोपऱ्यात कापड गोळा व्हायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "थांब. तिथे सगळं एकदम नको. लहान मुलाचं तोंड पुसतेस तसं, थोडं इकडून, थोडं तिकडून." ती म्हणाली, "हे तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी पुसलं?" तो म्हणाला, "पाहिलंय."

दिव्याची जागा कापडाखाली झाकली गेली होती. घाईने भोक पाडलं आणि चुकलं की संपलं. त्याने तिला सांगितलं, डोळे मिटून तळवा फिरव, पत्रा जिथे आत जातो तिथे थांब, आणि आधी नुसती टोचणी घाल. ती डोळे मिटून हात फिरवत राहिली. स्टुलावर बसून त्यानेही डोळे मिटले होते. "इथे," ती म्हणाली. त्याने डोळे उघडले. जागा बरोबर होती. मग झडपांचे स्क्रू, हँडलांचे स्क्रू, प्रत्येकाला आधी टोचणी.

कंबरेखालचं सगळं त्याने केलं. खांबांवरच्या तुकड्यांची खालची टोकं, दारांचे पुठ्ठे, क्लिपा. पुठ्ठ्याच्या क्लिपा तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ठोकायच्या असतात, त्याला डावा हात पुरला. रबरी पट्टी चढवण्याआधी तिने कात्रीने उरलेली कड कापली. कॅनव्हासची लांब कात्रणं गाडीच्या उंबऱ्यावरून खाली पडली. ताण्याने ती उचलली नाहीत. रबराची पट्टी वरून तिने आणि खालून त्याने, अशी दोघांनी दाबत नेली आणि मागच्या दाराच्या कोपऱ्यात त्यांची बोटं भेटली. तिने हात आधी काढला, कारण चिमटे गोळा करायचे होते.

मग दोघं पुढच्या सीटवर बसून वर पाहत राहिली. छत सपाट होतं, स्वच्छ होतं. टिचकी मारली तर त्याच्या छतांसारखा डफाचा आवाज येणार नाही हे ताण्याला दिसत होतं. डाव्या बाजूला समोरच्या कोपऱ्यात एक बारीक सुरकुती होती. त्याच्या दुकानातून अशी सुरकुती घेऊन गाडी कधी गेली नव्हती. तो कोपरा सोडवून पुन्हा ओढायचा तर रबर काढावं लागणार होतं, आणि बायकोचे दंड भरून आले होते. ती ते आळीपाळीने चोळत होती.

"ती दिसतेय ना तुम्हाला," ती म्हणाली.

"दिसतेय."

"सोडवू का?"

त्याने डाव्या अंगठ्याने तो कोपरा दाबून पाहिला. "राहू दे. उन्हात गाडी उभी राहिली की बसते."

"खरंच बसते, का मला बरं वाटावं म्हणून?"

"निम्मी बसते."

संध्याकाळी बाई आल्या. त्या आत बसल्या, वर पाहिलं, मान डावीकडे-उजवीकडे फिरवली, आरसा आपल्याकडे वळवला. "डोक्याला लागत नाही," त्या म्हणाल्या. "झालं तर मग." ताण्या काही वेगळं ऐकायला थांबला होता की काय कोण जाणे, पण बाईंनी गाडी सुरू केली. जाता जाता काच खाली करून म्हणाल्या, "काका, यावेळी तुमचा आवाज नाही आला रस्त्यावर. मला वाटलं काम सुरूच केलं नाहीत."

"मी नाही बसवलं," ताण्या म्हणाला. "हिने बसवलं."

बाईंनी मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "असं? मग गाडी चालवायला पण या एकदा. शिकवते." आणि गाडी गेली.

कव्हरवाला आपल्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, तरी रीत म्हणून तो आला. "मग ताणोबा? खोलीचं काय ठरलं?"

"छत बसलं की."

"पण तू कुठे बसवलंस? तूच म्हणालास आत्ता."

ताण्याने यावर विचार केला. बोलण्यात अडकायला झालं होतं खरं. "मी म्हणालो, नाही बसलं तर. कोणी बसवायचं ते मी बोललो नव्हतो."

"वकील व्हायचास तू."

"तुझी कव्हरं ठेवायची असतील तर मागच्या भिंतीला ठेव. गाडी आत यायला जागा सोड."

कव्हरवाल्याने भिंत डोळ्यांनी मापली. तेवढंच बरं, असं त्याच्या तोंडावर दिसलं. बोनेटवरून उचलून जिन्याच्या पायरीवर ठेवलेला आपला कालचा चहाचा ग्लास घेऊन तो गेला.

पुढची जुनी गाडी बऱ्याच दिवसांनी आली. एका म्हाताऱ्या दाताच्या डॉक्टरची, आतून पांढऱ्या छताची. ताण्याने काढायचं ते काढलं, कमानी भिंतीला लावल्या, आणि जुनं छत जिन्यावरून वर दिलं. तो खाली पुठ्ठ्यांच्या क्लिपा निवडत बसला. वर कापड पसरल्याचा, मग खडू घासल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"अहो," वरून हाक आली. "पाच धरू की सहा?"

"काय?"

"बोटं. कडेला. पाच की सहा?"

ताण्याने हातातली मोडकी क्लिप बाजूला टाकली आणि दुसरी उचलली.

"बसवणार कोण आहे?"

"मी."

"मग मला काय विचारतेस?"

थोड्या वेळाने वर कात्री चालू झाली.